गैरहजेरीचा वर्ग

अंबडच्या आमच्या कारखान्यात
टाइम ऑफिसची खिडकी पूर्वेला आहे.
सकाळी पावणेसातला कार्ड पंच करणाऱ्याचा चेहरा
मला उन्हाच्या विरुद्ध दिसतो,
म्हणजे दिसतच नाही.
नंबर दिसतात.

बेलसरे मॅडमनी येताना पुण्याहून एक गणित आणलं.
वर्षात किती वेळा गैरहजर, त्याचा वर्ग करायचा,
एकूण दिवसांनी गुणायचं.
शिरोडेचा पाय मोडला, चाळीस दिवस सलग घरी:
एक गुणिले एक गुणिले चाळीस. चाळीसच.
पुंडलिक कापडणीस, प्रेस शॉप,
दहा वेळा, दर वेळी एकच दिवस:
एक हजार.
हजाराला ताकीदपत्र आपोआप छापून येतं, तीन प्रतींत.
पुढच्या खाड्याला आरोपपत्र.

मला काही वाटलं नाही.
एकोणीस वर्षं बघतोय.
ऑक्टोबरात अर्ध्या दिंडोरीला ताप येतो,
द्राक्षाची छाटणी झाली की उतरतो.
पण कापडणीसला ना बाग ना बांध,
सिडकोत दोन खोल्या.
त्याच्या अर्जांवर: पोटदुखी, ताप, पोटदुखी, पाहुणे.
‘पाहुणे’ खोडून पुन्हा ताप.

परतल्यावर मुलाखत घ्यायची, असा नवा नियम.
फॉर्म मी भरतो.
प्रश्न चौथा: ही गैरहजेरी टाळता आली असती का?

त्याने दाराकडे बघितलं.
मॅडम?
गेल्या घरी, म्हटलं. त्यांनाच ताप आहे,
सकाळपासून शाल पांघरून बसल्या होत्या.
(त्यांचाही कुणीतरी वर्ग करत असेल.)

मग तो बोलला, टेबलाच्या कडेशी.
“उठल्यावर कधी कधी जळक्या रबराचा वास येतो, साहेब.
घरात बाकी कुणाला येत नाही.
वास आला की दोन-तीन तासांत मी पडतो.
फेस येतो तोंडाला. बायको कुशीवर वळवते,
घड्याळ बघत बसते.
त्या दिवशी मी येत नाही.
ऐंशी टनाची प्रेस आहे.
कुठं पडायचं ते काय माझ्या हातात नाही,
आणि हात तर…”

डॉक्टर?
सातपूरच्या विम्याच्या दवाखान्यात गोळ्या चालू आहेत.
मग कळवलं का नाहीस?
“आधी प्रेसवरून काढतील. मग गेटवरून.”

मी पेन उचललं. म्हटलं, चौथा प्रश्न राहिलाय.
टाळता आली असती का?
“टाळलंच की, साहेब.
दहा वेळा.”

माझ्या घरी भिंतीवर कंपनीचं घड्याळ आहे,
संपूर्ण हजेरीबद्दल.
ज्या पहाटे वडील गेले
त्या दिवशीही मी पावणेसातला पंच केलं,
मग अर्ध्या दिवसाने पंचवटीच्या अमरधामला पोचलो.
लोक खोळंबले होते. भावाने बोलणं टाकलं.
रजिस्टरात मी हजर आहे. आजही.

संध्याकाळी गांगुर्डे सुपरवायझरला गाठलं.
पॅकिंगला एक माणूस कमी आहे ना रे?
“कमी? एक जास्तच आहे. का?”
काही नाही, म्हटलं.

फॉर्म खणात ठेवला.
खरं लिहिलं तर त्याचं काम जातं.
पोटदुखी लिहिलं तर पत्र जातं,
आणि पत्र वाचलेला माणूस
वास आला तरी येतो.

दुसऱ्या दिवशी खिडकी सोडून
मी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो,
ऊन पाठीवर घेऊन.
शिरोडे अजून लंगडतो, हे तेव्हा कळलं.
कापडणीस आला.
मी काही विचारलं नाही,
नुसतं नाक जरासं वर केलं.
त्याने मान हलवली, नाही.
पंच केलं. आत गेला.

त्या दिवशी दुपारपर्यंत मला
प्रेस शॉपकडून जळक्या रबराचा वास येत होता.
तिथे तो येतोच म्हणा.
बेल्ट घासतात.