उजव्या कानाशी

माणसं ते शुक्रवारी संध्याकाळीच पाठवतात,
पलंग रिकामे करायचे असतात म्हणून.
बाहेर उणे एकतीस. दारातून आधी वाफ आत येते,
मग स्ट्रेचर,
मग पोटावर ठेवलेला खाकी लिफाफा,
माणसाहून गार.

सतरा वर्षं मी तो लिफाफा फोडला आहे.
अकरा पानांपैकी नऊ. फॅक्सनं खाल्लेल्या ओळी.
गोळीचं नाव आहे, मात्रा नाही.
मात्रा आहे, तर शेवटची कधी दिली ते नाही.
मग फोन, आणि तासभर तोच पियानो,
मग कुणीतरी: "होडन, त्या सिस्टर घरी गेल्या."

लेम्पी किवेला अशाच एका शुक्रवारी आली.
तिसरं पान आलं नव्हतं.
रक्त पातळ करणारी गोळी बंद केल्याचं
तिसऱ्या पानावर होतं.
मी जुन्या यादीप्रमाणे देत राहिले.
पान सोमवारी आलं.
रविवारी उशीचा अभ्रा मी बदलला होता.

यंदा तिचा नवरा. आर्विड, अठ्ठ्याऐंशी.
सही करताना त्यानं विचारलं होतं,
"माझं सगळं आता सगळ्यांना कळणार?"
म्हटलं, सगळ्यांना नाही.
जे तुमच्या अंगाला हात लावतील, त्यांना.
त्यानं चष्मा पुसला आणि सही केली.

गाडी अजून हायवेवर,
आणि तो माझ्या पडद्यावर पोचलेला:
पोटॅशियम. किडनी. पाणी घट्ट करून द्या.
टाचेवर जखम, दोन सेंटीमीटर.
रात्रीची गोळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.
सवयीनं मी तिसरं पान शोधलं.

खाली एक ओळ होती:
गोंधळलेला. प्रतिसाद देत नाही.

स्ट्रेचर आत आला. मी वळसा घालून
उजव्या बाजूला गेले, वाकले:
"आर्विड, बर्फ थांबला."
"थांबतोय कसला," तो म्हणाला, "वारा उत्तरेचा आहे."

चाळीस वर्षं सुरुंगांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस.
डावा कान खाणीतच राहिला,
हे आमच्या इमारतीत स्वयंपाकीणबाईंनाही ठाऊक,
पण कुणीच कुणाच्या कानावर घातलं नव्हतं.
ह्या कानाचं त्या कानाला
कळत नव्हतं, इतकंच.

त्या रात्री मी नोंदीत लिहिलं,
तीच नोंद आता तिकडेही उघडते:
*डाव्या कानानं ऐकू येत नाही.
उजवीकडे उभे राहा. मग बोला.
माणूस पूर्ण शुद्धीवर आहे.*
डॉक्टरी भाषा नव्हती ती. तशीच राहू दिली.

मार्चमध्ये न्यूमोनिया. पुन्हा तीच गाडी, उलट्या दिशेनं.
पहाटे तीनला फोन वाजला. पियानो नाही.
एक कोवळा आवाज, बहुधा पहिलीच नोकरी:
"तुमचं वाचलं मी. बोलले ते."
"काय म्हणाले?"
"विचारत होते,
खिडकी कुठल्या दिशेला आहे."

फोन ठेवला.
कोपऱ्यात फॅक्सचं मशीन अजून आहे.
त्यावर आम्ही हातमोजे वाळवतो.