हातभर खोल

अडावदच्या स्टँडवर उतरलो तेव्हा
बुटांच्या शिवणीत ती वाळू अजून होती.
सुपडू आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला,
"तठे पानी किती खोल शे?"
माणसं कशी, बोलतात काय, खातात काय,
यातलं काही नाही. आधी पाणी.

हातभर, म्हटलं.
आप्पांना वाटलं थट्टा करतोय.

कसं सांगू?
बोट निघाल्यापासून दीड दिवस नुसता समुद्र,
मग क्षितिजावर माडांची एक ओळ,
कुणी पाण्यावर कंगवा विसरून गेल्यासारखी.
बंदर नाही. लाट फुगेल त्या घटकेला
होडीत उडी टाकायची.
अनेरच्या धरणात पोहायला भिणारा मी,
टाकली.

कळण्याची भाकरी मधून कुणी खाऊन टाकावी
आणि कड तेवढी उरावी, तेवढी जमीन.
भूजल मोजायला गेलेला मी,
या लाटेपासून त्या लाटेपर्यंत टेप धरली.
टेप उरली, गाव संपलं.

वाळूखाली गोडं पाणी
खाऱ्यावर तरंगतं, दुधावर साय धरते तसं.
लोसा नावाची बाई माझ्या ड्रिलसमोर
आडवी उभी राहिली. बोलली काहीच नाही.
खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला,
ओंजळ मला पाजली,
आणि करंगळीचं एक पेर दाखवलं:
आणखी एवढं खणलंस की खारट.
मग बोट सगळ्या घरांवरून फिरवलं.

संध्याकाळी मासे आले.
वाळूवर घरागणिक वाटे पडले,
एक वाटा उरला, त्याला घर नव्हतं.
तो माझा.
मी जन्माचा शाकाहारी,
रात्रभर तो मासा माझ्याकडे बघत होता
आणि मी त्याच्याकडे.
सकाळी लोसाच्या पोरीने नेला, हसत.

आप्पा ऐकत होते की नाही कोण जाणे.
स्टँडमागच्या केळीत रिग धडधडत होती,
पानांवर पांढरा भुगा बसत होता,
बशीतल्या चहावरही थोडा.
"मंग त्या थांबतस कसं?"

मला उत्तर आलं नाही. करंगळी दाखवली.
त्यांनी ती निरखून पाहिली,
डॉक्टर दुखरं बोट पाहतो तशी.

तेवढ्यात रिगवरचा तमिळ पोरगा
नवा पाइप जोडत ओरडला,
"आठशे!"