नियम चार

ओउलूत पहाटेचे तीन. खिडकीबाहेर उणे एकोणीस.
तूक्का नियम पुन्हा वाचतो:
व्रण दाखवू नयेत. साधनाचं नाव नको.
दुखतंय, एवढं म्हणता येईल.

इल्ताचा फोटो त्यानं हटवला.
तिथं आता राखाडी चौकोन,
बर्फ उकरल्यावर उघड्या पडलेल्या
अंगणाच्या तुकड्याएवढा.

मग नियमात नसलेलं लिहिलं:
फोटो हटवलाय. तुला नाही.
आहेस ना?

केमीहून कुणी सायमा म्हणाली, मी जागी आहे.
आणखी एकानं विचारलं, जेवलीस का?

बराच वेळ काहीच नाही.

साडेतीनला इल्ता:
राईचा पाव आहे. लोणी संपलंय.

तूक्कानं स्वेटरची बाही मनगटाखाली ओढली,
जुन्या सवयीनं,
आणि इतक्या रात्री तिच्या गावात
लोणी कुठे मिळेल, ते शोधत बसला.