आठवा सिलिंडर

कामठी रोडच्या गोदामात उभी होती,
कोळशाच्या कंत्राटदाराची मस्टँग, अडुसष्टची.
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
घरी आणली तेव्हा वनिता एवढंच म्हणाली,
एवढ्यात चार कूलर आले असते.

ब्लॉक नेला हिंगण्याला, डोमाजी कुंभलकरांच्या लेथवर.
तीस वर्षं प्रेस शॉपनं त्यांचे कान खाल्ले.
ते तळहातानं ऐकतात.

इंजिन पेटलं त्या संध्याकाळी
गल्लीतली कुत्री पळाली, पोरं धावत आली.
डोमाजींनी बॉनेटवर हात टेकला, डोळे मिटले:
"सात बोलून राहिले. आठवा मुका हाये."

प्लग, कॉइल, व्हॉल्व्ह, पुन्हा प्लग.
दिवाळी गेली, होळी गेली.

मग मे. शहराबाहेरची जुनी धावपट्टी,
डांबर बुटाला धरून ठेवणारं.
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
शेजारच्या लेनमध्ये पुण्याची जर्मन गाडी,
काचा बंद, आत एसी.

झेंडा पडला.
शंभर मीटर मी पुढे होतो. खरंच होतो.
स्टिअरिंग हातात जनावरासारखं थरथरत होतं
आणि पहिल्यांदाच आठही.
मग एक गप्प झाला.
जर्मन गाडी नुसती वाऱ्यासारखी निघून गेली.

परत आलो. बॉनेट तवा झालेलं.
तरी डोमाजींनी हात ठेवला, उचलेनात.
"हरलो," मी ओठ नीट हलवून म्हटलं.

"ते जाऊ दे ना बे.
मी कठड्याले हात लावून होतो.
थोडा वेळ बोलला तो.
काय म्हणे?"