शेपटीचं वजन

तारकर्लीहून निघताना
ट्रेलरच्या मागच्या कठड्याला बांधला
कॉम्प्रेसर, सहा सिलिंडर,
वर पाणबुड्यांचे शिशाचे पट्टे.
जुवांव वेल्डर म्हणाला होता,
"मागे जड झाला काय नाक उचलता.
चाकार ठेव, शेपटेक नको."
आम्हाला घाई.

आचऱ्याच्या उतारावर
घर झोलायला लागलं आमचं,
गळाला लागलेल्या सुरमईसारखं.
जीप एकीकडे, ते भलतीकडे.

थांबलो. काजूखाली सगळं उतरवलं.
शिसं आत, पलंगाखाली, बरोब्बर चाकावर.
मागे उरला
बाबांचा नांगर.
होडीबरोबरच द्यायचा होता, राहून गेला.

वृंदानं एका हातानं उचलून पाहिला.
"ह्यो ऱ्हवांदे," म्हणाली,
"येवढा वजन गाडी वडतली."

कुणकेश्वरपर्यंत
तो मागे वाजत होता.