वासाचा रकाना

सत्तावन्न महिन्यांची आकडेवारी.
डॉलरचा भाव, जकात, जहाजाचं भाडं,
आणि मशीद बंदरच्या एका पेढीवरची
पिवळ्या डबीची किंमत, पन्नास ग्रॅम,
दर महिन्याच्या पाच तारखेला
मी स्वतः जाऊन टिपून आणलेली,
कारण सरकारी तक्त्यात हिंग
'इतर मसाल्यां'त विरघळून जातो.

प्रश्न साधा होता:
रुपया घसरला
तर त्यातलं किती फोडणीपर्यंत पोचतं?

उत्तर आलं, काहीच नाही.
गुणांक शून्य. शून्याला इतका खेटून
की प्रमाण त्रुटीनंही मान खाली घालावी.
रुपया चौदा टक्के पडला त्या वर्षी
डबी त्याच फळीवर, पासष्टलाच.

डॉ. तळपदे खूश झाल्या.
"शेठ स्वतःच्या नफ्यातून सोसतोय. लिहून काढ."
गोरेगावच्या वसतिगृहात रात्री दोनपर्यंत
मी लिहून काढलं, तळटीपांसकट:
आयातदार आपल्या नफ्याला कात्री लावतो असं दिसतं.

असं दिसतं.
हे दोन शब्द आम्ही मिठासारखे वापरतो.

मग एकदा मेसमध्ये आंबेरकरबाई
आमटी ढवळता ढवळता, कोणालाच उद्देशून नाही:
"हिंगात जीवच राहिला नाही मेला.
चिमूट पुरायची. आता चमचा घालते."

ताट तसंच टाकून मी धावत सुटलो
असं लिहायला आवडलं असतं.
मी आणखी भात घेतला.
वाक्य डोक्यात चढलं दुसऱ्या दिवशी दुपारी,
वरच्या मजल्यावर पाणी चढावं तसं, उशिरा, खोकत.

पेढीच्या मागे एक खोली आहे.
पाच वर्षं मी फक्त पुढचं दार मोजत होतो.
मागे बाबल धुरी, कोपरापर्यंत पांढरा,
अफगाणी चिकात मैदा आणि डिंक मळणारा.
डॉलरचं विचारलं तर म्हणाला,
"आमका डॉलर खंयचो कळता?
शेठ माळ्यावरून बोटां दाखवतत.
तीन बोटां, तीन मापां मैदो.
चार बोटां, चार."

आणि वही होती.
मैद्याच्या रिकाम्या गोण्या तो भंगारात विकायचा
शनिवारी, चहापाण्यापुरत्या,
म्हणून तारीखवार गोण्या, पेन्सिलीनं,
मधे कुणाचा तरी फोन नंबर, एक गणपतीची वर्गणी.
तेवढ्याच डब्या, दर वर्षी जास्त गोण्या.

ती वही मी डॉलरशेजारी मांडली.
रुपया पडला की महिन्याभरात
माळ्यावर एक बोट उघडतं.
पोचत होतं. जवळजवळ सगळंच पोचत होतं,
किमतीच्या दारानं नव्हे,
मागच्या दारानं, पीठ होऊन.

"आणि रुपया सावरला तेव्हा?
ते सहा महिने? बोटं खाली?"
धुरी हसला. हात झटकले. खोलीत ढग झाला.
"उघडलेला बोट मिटता काय कधी?"

डॉ. तळपदेंनी वही उलटसुलट पाहिली.
जवळ नेऊन हुंगली, मग चष्मा काढला.
"एक पेढी. एक माणूस. एक वही.
नमुना एकाचा, आणि त्यावर वर्गणीचा हिशेब."
बरोबरच होतं त्यांचं.
निबंध छापून आला. गुणांक शून्यच.
तळटीप तेवीस:
मालाच्या गुणवत्तेतील बदल येथे मोजलेला नाही.

माझ्या फाइलमध्ये मात्र
शेवटच्या रकान्यापुढे आणखी एक रकाना आहे,
माथ्यावर 'वास', खाली सत्तावन्न रिकामी घरं.
एकक काय लिहावं तेच ठरत नाही.
आंबेरकरबाईंचे चमचे? शेठची बोटं?

काल ग्रंथालयात मी वही पुन्हा उघडली.
शेजारचा मुलगा उठला,
एक खुर्ची सोडून बसला.
हे निरीक्षण
मी कुठेच नोंदवलेलं नाही.