काच

चिवड्याचा पंजा चिरला तेव्हा
मी अक्षरांमधलं अंतर मोजत बसले होते.
पवननगर, तिसरा मजला,
पडद्यावर फिकट मोरपंखी पोस्टर:
'कचरा वेगळा करा.'
देखणं. कुणालाच न टोचणारं.

जिन्यात रक्ताचे ठिपके.
दाराशी त्यानंच फाडलेली पिशवी,
आत परवा फुटलेला माझा मग.

तीन टाके पडले.
गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घेऊन
चिवडा रात्रभर भिंतींना धडकत राहिला.

सकाळी घंटागाडी आली,
पाथर्डीच्या डेपोकडे निघालेली.
लंकाबाईंनी भोंग्याकडे पाहिलं,
हातमोजा नसलेला तळवा उघडला:
'याला टाके तरी घातले.'
तळव्यावर तिरक्या रेघा.
त्या मी मोजल्या नाहीत.

मोरपंखी पुसला. नाजूक अक्षरं पुसली.
पांढऱ्यावर एक काळा हात ठेवला,
खाली लिहिलं:
काच कागदात गुंडाळा. वर 'काच' लिहा.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईंनी
माझा फोन हातभर लांब धरला.
'अजून मोठं कर, पोरी.
गाडीवरून दिसाया पाहिजे.'

समास संपला तरी
मोठं करत गेले.
चिवडा लंगडत आला
आणि माझ्या पायावर
भोंग्यासकट झोपला.